नानांच्या ड्रॉवरमधली टोपी

रुपचंद नाना आमच्या अमळनेरच्या जिनिंग सोसायटीचे हेडक्लार्क. तीस वर्षं नोकरी केली आणि तीस वर्षांत एकच विद्या शिकले: कुलूप लावणं. शिक्का कुलपात, कार्बन कुलपात, टाचण्यांची डबी कुलपात. जेवायला घरी जाताना खुर्चीवरची उशीसुद्धा कपाटात! एक वाजला की किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत निघायचे, ते जेवून, झोप काढून तीनला परत. आम्ही सगळे चोर असताना या माणसाला झोप लागायची तरी कशी, देव जाणे.

सत्त्याण्णव साली ऑफिसात पाच कॉम्प्युटर आले आणि सहा महिन्यांच्या बोलीवर ऑपरेटर म्हणून मी आले, जळगावच्या मेहरूणहून, रोज गाडीने. घरात कमावणारी मी एकटी. सगळ्यांच्या फायली एका मोठ्या सर्व्हरवर असायच्या आणि टेबलांवरच्या मशीनवर त्या ‘एफ ड्राइव्ह’ म्हणून दिसायच्या. सर्व्हरवर युनिक्स, टेबलांवर विंडोज. रोज दुपारी एफ ड्राइव्ह उघडायला जावं, तर त्यावर लाल फुली! तीननंतर पुन्हा सगळं सुरळीत.

पुण्याचा इंजिनिअर तीनदा आला. “युनिक्स आणि विंडोजचं आपसात जमत नाही हो मॅडम,” असं म्हणत सकाळभर सेटिंगं बदलायचा आणि बरोब्बर एकला मॅनेजर लीलाधर साहेबांबरोबर शेवभाजी हाणायला जायचा. तीनला ढेकर देत परत येऊन बघतो, तर ड्राइव्ह चालू. “बघा, झालं ना?” डोंबल झालं! तिसऱ्या खेपेला त्यानं सांगून टाकलं, ऑपरेटरच काहीतरी चुकतेय.

साहेबांना तेवढंच हवं होतं. “इंदिराबाई, या महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर तुम्ही घरी.”

मी वहीत वेळा टिपायला लागले. एक वाजून चार, एक वाजून सहा, पुन्हा एक वाजून चार. मग नाना भाचीच्या लग्नाला सोनगीरला गेले आणि तीन दिवस फुलीचं नाव नाही! ते परतले तो महिन्याचा शेवटचा दिवस. सकाळभर ते कॉम्प्युटरवर दोन बोटांनी काहीतरी ठोकत बसले होते. एक वाजला. मी डबा न उघडता त्यांच्याकडे बघत राहिले. नानांनी शिक्का आत टाकला, उशी उचलली, मग खाली वाकून कॉम्प्युटरच्या मागून बोटाच्या पेराएवढं काहीतरी काढलं आणि ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली फिरवली. मी एफ ड्राइव्ह उघडायला गेले. फुली!

आमची सगळी मशीनं एकाच लांब वायरीवर ओवलेली होती. शेवटचं टेबल नानांचं. तिथं वायरीच्या टोकाला एक धातूची टोपी असते, ती काढली की अख्खी लाइन बंद. अरे, पुण्याहून तीनदा आलेल्या शहाण्याला एकदा तरी जेवायच्या वेळी टेबलाखाली वाकायला काय झालं होतं?

तेवढ्यात साहेब केबिनमधून ओरडले, “एक पत्र आत्ताच्या आत्ता छापायचंय, ड्राइव्ह उघडत नाहीये!”

“नानांना बोलवा साहेब. ड्राइव्ह त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे,” मी म्हटलं.

शिपाई सुकदेव नानांना भरल्या ताटावरून उठवून सायकलवर डबलसीट घेऊन आला. ड्रॉवर उघडलं. टोपी रुमालात गुंडाळून ठेवली होती, दागिन्यासारखी.

“ही रोज काढता कशाला?” साहेब किंचाळले.

नाना एरवी ऑफिसात शुद्ध बोलायचे, पण चिडले की घरची भाषा यायची. “इंजिनेरनी सांगेल व्हतं, ही टोपी हारपनी तं बठ्ठं बंद पडी. मंग उघडी ठेवू का?”

या माणसानं टोपी हरवू नये म्हणून रोज दोन तास सगळं ऑफिस बंद ठेवलं होतं. मला हसावं की त्यांच्या डोक्यात तो जुडगा घालावा, कळेना.

टोपी बसवली. साहेबांच्या स्क्रीनवर पत्र उघडलं आणि ते मी वाचलं. ‘ऑपरेटर इंदिराबाई यांची सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे.’ म्हणजे सकाळभर नाना दोन बोटांनी ठोकत होते ते हे! टोपी काढायला पाच मिनिटं उशीर केला असता, तर कागद माझ्या हातात पडला असता.

साहेब खोकले. “हे... पुसून टाका.” माफी वगैरे काही नाही. माझं पत्र मीच पुसलं. डोळे भरून आले होते, पण त्या दोघांसमोर मी ते पुसले नाहीत.

मागे नाना किल्ली घेऊन ताटकळत उभे होते.

“झालं का इंदिराबाई?” ते म्हणाले. “काढू का टोपी? जेवण अर्धं राहिलंय.”