खांबजवळ हात दाखवणारा हवालदार

भूतखेत, चकवा, अंगात येणं... यातलं मी काही मानत नव्हते. बाहेर चार माणसांत माझं तोंड उघडत नसे, पण घरात मी धीट. रोह्याला माहेरी आई अमावास्येला उंबऱ्यावर लिंबू ठेवायची आणि मी ते उचलून सरबत करायचे. मासिकात लोक असले अनुभव लिहितात ते वाचून मला हसूच यायचं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. कुठे पाठवीन असं वाटत नाही. पण एकदा पहिल्यापासून नीट कागदावर उतरवावं असं फार दिवस मनात आहे, कारण डोक्यात ते सारखं फिरत असतं... एका जागी बसतच नाही.

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराची गोष्ट. लग्न होऊन मी पेणला आले होते. आमचे हे नानांच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. मी तिथेच बायकांत बसून पॉलिश पेपर मारायचे, अस्तराचा रंग द्यायचे.

दिवाळीनंतर काम जरा थंड असतं. अशा वेळी मुंबईहून एका सिनेमा कंपनीचा मॅनेजर आला. त्यांचा एक सिनेमा गावोगावच्या व्हिडिओवर चांगला चालला होता. त्यात एका पोलिसाला त्याचेच लोक जाळून मारतात, मग तो मेलेला पोलीस परत येऊन कोयत्याने एकेकाला कापतो. आता त्याचा दुसरा भाग रोह्याला काढायचा होता. त्यासाठी त्यांना माणसाएवढ्या चार बाहुल्या हव्या होत्या. गाडीखाली घालायला, जाळायला, दरीत टाकायला. आत पेंढा, वर खाकी कपडे. डोकं आणि हात मात्र प्लास्टरचे.

"चेहरा कुणाचाही द्या," मॅनेजर म्हणाला. "अर्धा जळलेलाच दाखवायचाय. फक्त मिशी पायजे."

नाना म्हणाले, "साचा आहे आपल्याकडे."

तो साचा म्हात्रे हवालदारांचा होता. हवालदार कोलाडकडचे. आदल्या वर्षी खांब गावाजवळ हायवेवर त्यांना कुठल्यातरी गाडीने उडवलं होतं. गाडी सापडली नाही. रस्त्याच्या कडेला ते बराच वेळ पडून होते, कुणी थांबलं नाही, रक्त जाऊन गेले. गावाने त्यांचा अर्धपुतळा करायचं ठरवलं. मातीचा चेहरा झाला, तेव्हा त्यांची बायको बघायला आली होती. पदर तोंडाशी धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मिशी अशीच. पण एवढे शांत नव्हते हो ते. रागीट होते." मग पुतळा शाळेपुढे बसवायचा की नाक्यावर, यावरून गावात दोन तट पडले आणि काम राहिलं ते राहिलंच. साचा माळ्यावर पडला.

माणसाचा साचा एका पुतळ्यापुरताच वापरायचा आणि मग फोडून भोगावती नदीत सोडायचा, ही नानांच्या वडिलांपासूनची रीत. आमच्या ह्यांनी ती आठवण करून दिली. नाना म्हणाले, "अरे, पुतळा झालाय कुठे? साचा अजून कोराच की."

चेहरे निघाले. हातांसाठी वेगळा साचा करायला वेळ नव्हता. कारखान्यात हात कसले असणार? गणपतीचे! मोठ्या सार्वजनिक मूर्तीच्या साच्यातून नानांनी हात काढले आणि बाहुल्यांना लावले. उजवा हात कोपरात वर, पंजा उघडा. मॅनेजर बघायला आला तो हसत सुटला.

"हा काय खून करतोय की आशीर्वाद देतोय? कोयता कुठे धरू याच्या?"

"बाप्पाला मोदक दिलाव तर धरतो हो," आमच्यातली एक म्हातारी म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. पण नंतर चौघे ओळीने उभे केले, डोक्यावर टोप्या घातल्या, तेव्हा कुणी हसेना. आशीर्वाद वाटतच नव्हता तो. हवालदार गाडी अडवतो ना, तसे चौघे आमच्याकडे हात करून उभे होते.

माल रोह्याला न्यायला माझा धाकटा भाऊ विलास आला. त्याचा स्वतःचा टेंपो होता. आमच्या माहेरी तो एकटाच कमावता, त्याची बायको पाचव्या महिन्यात. रंग उडाला तर हात मारायला कुणीतरी बरोबर पाहिजे, म्हणून मी निघाले. तेवढंच माहेर.

विलासने बाहुल्यांचे चेहरे बघितले नव्हते. त्याआधीच आम्ही त्यांना पेंढ्यात बांधून मागे आडवं केलं होतं, वर ताडपत्री. मॅनेजर आणि त्याची माणसं जीपने पुढे गेली. कोयते, कपडे, बाकीचं सगळं सामान त्यांच्या जीपमध्ये होतं. हे मुद्दाम लिहिते.

भिसे खिंडीचा रस्ता उखडलेला, म्हणून आम्ही नागोठण्यावरून सरळ हायवेने कोलाडकडे निघालो. दुपारचं लख्ख ऊन. विलास बायकोच्या डोहाळ्यांचं सांगत होता. "तिला रोज जवळा पायजे, ताय. आन् वास माझ्या अंगाला."

खांब आलं आणि त्याने करकचून ब्रेक मारला.

"काय रं?"

"हवालदार हात दाखवतोय."

मी समोर बघितलं. रस्ता रिकामा. शेतात दोन बगळे, बस्स.

विलासने काच खाली केली आणि बाहेर तोंड करून बोलायला लागला.

"व्हय साहेब... माल नाय साहेब, बावली हायत. सिनेमाची... व्हय, माझाच टेंपो... नाय साहेब. तवा मी..."

पुढे त्याला बोलता येईना. ओठ हलत होते. मी त्याचा दंड धरून हलवला, तसा त्याने गिअर टाकला आणि गाडी जी पळवली ती कोलाडलाच थांबवली.

तिथे चहाला उतरलो, तर मागची ताडपत्री या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलेली. फाटलेली नाही, कापलेली. सरळ रेघ. आणि कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या, म्हणजे आतून कापलेली. आत बाहुल्या बांधल्या तशाच होत्या.

मी म्हटलं, पत्रा लागला असेल. तेव्हा मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

रोह्याला घरी आल्यावर विलास जेवला नाही. आई म्हणाली, "उन्हाचं झालं त्याला गो." टेंपो अंगणात लावला होता, किल्ली त्याच्या खिशात. सकाळी दार उघडलं तर ड्रायव्हरच्या सीटची पाठ कापलेली. रेक्झिन उभं नाही, आडवं. बसल्यावर मान येते तिथे.

विलास ते बघत राहिला. मग बाहुल्यांकडे गेला, आणि एकीच्या तोंडावरचा पेंढा बाजूला केला.

"ताय... ह्यो चेहरा तुमाला कुठनं मिळाला?"

मी सांगितलं. तेव्हा त्याने मला सांगितलं, जे वर्षभर बायकोलाही सांगितलं नव्हतं. हवालदारांना उडवलं त्या दिवशी तो खांबवरून येत होता. कुणीतरी आधीच उडवून गेलं होतं. हवालदार कडेला पडले होते. जिवंत होते, आणि त्यांनी याच्याकडे बघून हात वर केला.

"मी गाडी हळू केली, ताय. देवाशप्पथ केली. मंग मनात आलं, पोलीस पडलेला, उचलला तर माझ्यावरच येल. म्हनतील तूच ठोकलंस. आन् निघालो."

"चल, परत जाऊ पेणला," मी म्हटलं. "बावल्या इथंच टाक. नानांना मी सांगते."

"पळून? एकदा पळालोच ना. परवा पेनला येताना बोलावलं त्यानं, काल बोलावलं..." परवाचं त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं. सीटच्या पाठीवरच्या कापावर बोट ठेवून तो म्हणाला, "आता ही मान हाय."

मला काय करावं सुचेना. भाऊ वाचला पाहिजे एवढंच कळत होतं, आणि कुणापासून, ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

शूटिंग कुंडलिकेच्या काठाने जाणाऱ्या एका कच्च्या रस्त्यावर होतं. बघायला हीऽ गर्दी. पहिलाच सीन, मेलेला पोलीस रस्त्यात उभा राहतो आणि टेंपो त्याला उडवून जातो. त्यांचा टेंपोवाला आलाच नव्हता. मॅनेजर विलासच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तू चालव ना, हीरो! बाहुलीवर तर घालायचाय. सिनेमात दिसशील."

मी नको नको म्हणून हात करत होते. विलासने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मला वाटलं, आता हा जातो. बाहुलीवर गाडी घालील आणि तिसरा वार मानेवर बसेल. मी गर्दीतून पुढे घुसले. आयुष्यात कधी अशी घुसले नव्हते.

बाहुलीला काठी लावून रस्त्यात उभी केली होती. टेंपो लांबून भरधाव आला. लोक ओरडायला लागले. आणि बाहुलीपासून वीतभर अंतरावर विलासने ब्रेक मारला. धूळ उडाली. बाहुली आपोआप आडवी पडली.

"कट! कट! अबे थांबलास कशाला?"

विलास खाली उतरला. बाहुलीच्या मानेखाली एक हात, गुडघ्याखाली एक हात घालून त्याने ती उचलली. हळूच. जखमी माणसाला उचलतात तशी. केबिनमध्ये ठेवली आणि मला हाक मारली, "ताय, चढ! डोकं धर त्यांचं!"

लोक हसत होते. मी चढले. ते डोकं मांडीवर घेतलं.

आता जे लिहिते ते तसंच्या तसं घडलं. त्या बाहुल्या मी पेणला स्वतः उचलून ठेवल्या होत्या. पेंढ्याचं अंग, पोकळ डोकं, एका बाईला सहज उचलतील अशा. माझ्या मांडीवर जे होतं त्याने माझे पाय रगडून निघत होते. ते गरम होतं. उन्हात तापतं तसं नाही, ताप आलेल्या माणसासारखं. मी खाली बघितलं नाही. विलासकडेच बघत होते. तो हॉर्न वाजवत, रडत, "आलं साहेब, दवाखाना आला, डोळं मिटू नका," असं म्हणत गाडी हाकत होता.

दवाखान्यात त्याने आरडाओरडा केला. दोन वॉर्डबॉयनी स्ट्रेचरवर घेतलं. दोघांनी मिळून, कण्हत उचललं, हे मी पाहिलं. एक वयस्क सिस्टर धावत आल्या आणि पडद्यामागे नेलं. विलास पडद्यापाशी उभा. आतून थोडा वेळ भांड्यांचा आवाज आला. मग काहीच आवाज येईना.

तेवढ्यात मॅनेजर जीप घेऊन आला आणि पडदा बाजूला सारतच त्याने बोलायला सुरुवात केली. "अहो सिस्टर, येडा आहे तो! बाहुली आहे ती आमची!"

स्ट्रेचरवर बाहुली होती. खाकी शर्ट कात्रीने कापलेला, आतून पेंढा बाहेर आलेला. वॉर्डबॉय एकमेकांकडे बघायला लागले. मॅनेजर हसला, मग बाहेरचे लोकही हसले.

विलास हसला नाही. त्याने सिस्टरना विचारलं, "हायत ना?"

सिस्टरनी हातातली कात्री खाली ठेवली. मग त्यांनी चादर त्या बाहुलीच्या तोंडावरून ओढली.

"नाही," त्या म्हणाल्या. "गेले."

विलास तिथेच खाली बसून ढसाढसा रडला.

बाकीच्या तीन बाहुल्या सिनेमावाल्यांनी जाळल्या, की फेकल्या, मी विचारलं नाही. ह्यांनी साचा फोडून भोगावतीत सोडला. विलासच्या टेंपोला पुन्हा कधी काही झालं नाही. त्याला मुलगी झाली. तो म्हात्र्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोच्या पाया पडून आला, सगळं सांगून आला. तिने त्याला पाणी दिलं, पण बोलली नाही. आता तो म्हणतो, "वर्षभर उशीर झाला ताय, पन पोचवला मी त्यांना." आणि रात्री झोपतो.

मी झोपत नाही. कारण त्या दिवशी निघताना मी सिस्टरना बाजूला घेऊन म्हटलं होतं. माझ्या भावाचं मन राखायला तुम्ही 'गेले' म्हणालात, फार उपकार झाले.

त्या हात धूत होत्या. पुन्हा पुन्हा धूत होत्या.

"मन राखायला नाही हो," त्या म्हणाल्या. "आणलं तेव्हा नाडी लागत होती. मी सलाईन लावायला वळले, तेवढ्यात थांबली."

प्लास्टरच्या मनगटाला नाडी कशी लागेल, मला माहीत नाही. वॉर्डबॉयना जड काय लागलं, ताडपत्री आतून कुणी कापली, तेही आजवर कळलेलं नाही. त्या सिस्टर पुढे बदलून गेल्या, परत भेटल्या नाहीत.

विलासला मी हे सांगितलेलं नाही. त्याला वाटतं तो वर्षभर उशिरा पोचला. तो दोन मिनिटांसाठी चुकला, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?