वहिनींचं गॅप सर्टिफिकेट

आमच्या शामलावहिनींना खोटं बोलता येत नाही, आणि या एका गुणापायी त्यांचा एम.ए.चा प्रवेश बुडता बुडता राहिला.

बी.ए. झाल्या झाल्या त्या लग्न होऊन महाल भागातल्या आमच्या घरी आल्या, आणि तेव्हापासून घर म्हणजे वहिनी. माझ्या वडिलांना, गणपतरावांना, पक्षाघात झाला तेव्हा, ते जाईपर्यंत त्यांचं उठवणं-बसवणं वहिनींनी केलं. लेकीला, चिन्मयीला, वाढवलं. विश्वनाथदादा पहाटेच बुटीबोरीच्या कारखान्याची बस पकडतो, त्याचा डबा त्यांच्याकडे. आणि मी उन्मेष, बिनलग्नाचा दीर, विमा कचेरीतला कारकून, माझाही डबा त्यांच्याकडेच. चिन्मयी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि यंदा वहिनींनी एकदम जाहीर केलं, "मले इतिहासात एम.ए. करायचं आहे. घरी बसून नाही, कॉलेजात जाऊन!" दादानं मान हलवली. तो कशालाही मान हलवतो.

कागद गोळा करणं माझ्या गळ्यात पडलं. पदवीची गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, लग्नानंतर नाव बदलल्याचा पुरावा, सगळं जमलं. राहिलं ते गॅप सर्टिफिकेट, म्हणजे शिक्षण सुटल्यावर मधल्या वर्षांत काय केलं याचं प्रतिज्ञापत्र. कागद दाखल करायच्या शेवटच्या दिवशी आम्ही कोर्टाबाहेरच्या टायपिस्टपुढे बसलो होतो. त्याच्याकडे मजकूर तयारच होता. वहिनींनी तो वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"‘या काळात मी घरीच होते व कोणतेही काम करत नव्हते.’ हे कोण म्हणते?"

"सगळ्याच बाया असंच देतात जी मॅडम," टायपिस्ट म्हणाला.

"देत असतील. मी काहून देऊ? शपथेवर खोटं?"

मी घड्याळाकडे पाहिलं. जागा थोड्या, कॉलेजचं ऑफिस बंद व्हायला आलेलं, आणि या बाई इथे न्यायनिवाडा करून राहिल्या! "वहिनी, करा ना सही. कोण वाचते ते?" मी करवादलो.

"मी वाचलं न, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि मजकूर बदलून घेतला: या काळात मी घर चालवत होते व हे काम पूर्ण वेळ करत होते.

व्हायचं तेच झालं. कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी कागद वाचून चष्मा काढला. "पूर्ण वेळ काम करता? मग मालकाचं पत्र लागेल. आमचा कोर्स रेग्युलर आहे, रोजची हजेरी आहे. कामावरून मोकळं केल्याशिवाय प्रवेश नाही."

"मालक कोणी नाही जी."

"मग तुम्हाला मोकळं कोण करणार?"

सगळ्या घराला गप्प बसवणाऱ्या वहिनी तिथे नुसत्या उभ्या राहिल्या, ते मला बघवेना. त्या कागद पिशवीत भरायला लागल्या तेव्हा मी खिडकीपुढे घुसलो आणि एक कोरा कागद मागून घेतला. लिहिलं: शामलाबाईंच्या हातचं जेवणारे आम्ही दोघे भाऊ, आम्ही त्यांना आजपासून कामावरून मोकळं केलं आहे. खाली सही ठोकली. दादाला फोन लावून विचारलं, तर पलीकडे तो नक्की मान हलवत असणार, कारण आवाज काही आला नाही. त्याचंही नाव लिहून टाकलं.

बाईंनी तो कागद वाचला, वहिनींकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "आमच्या घरी असं कोणी लिहून नाही देणार," असं पुटपुटत त्यांनी तो फायलीला लावला आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "आता निभवा लागन हं भाऊजी. लिहून दिलं तुम्ही."

सोमवारी कॉलेज सुरू झालं. दादाची नेमकी सुटी होती आणि मी रजा टाकली होती. आम्ही दोघं भाऊ स्वयंपाकघरात उभे, कुकरमध्ये वरण शिजलेलं, आणि मीठ कुठे ठेवतात हे दोघांनाही ठाऊक नाही. मी वहिनींना फोन केला. त्या वर्गात होत्या, उचलला नाही. पुन्हा केला, तर त्यांनी चक्क बंद करून ठेवला.

वहिनी खरंच मोकळ्या झाल्या, याचा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दादाला म्हटलं, "बस जेवायला," आणि बिनमिठाचं ते वरण आम्ही पोटभर जेवलो.