कवितासाठी काढलेलं तिकीट

बीबी या माझ्या गावाहून निघाले त्या सकाळी बाबा एसटीच्या खिडकीशी उभे होते. "तिकडचे लोकं लय कडक असतेत म्हणते. मान खाली घालून राह्यजो, बाई," एवढंच म्हणाले. नर्सिंग करून आखाती देशात नोकरीला जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. मी जणू जेलात चालले होते, अशा नजरेनं सगळ्या शेजारणी बघत होत्या.

इथे मी बायकांच्या दवाखान्यात आहे. आले तेव्हा लग्न ठरलेल्या मुलींना त्यांच्या आया घेऊन यायच्या आणि मुलगी 'कोरी' असल्याचं डॉक्टरांकडून लिहून न्यायच्या. तपासताना मुली छताकडे बघत पडून राहायच्या. नंतर नवीन डॉक्टरीणबाई आल्या, इथल्याच, अरब. त्यांनी ते बंद केलं.

मागच्या महिन्यात नूरा नावाच्या मुलीला तिची आई घेऊन आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशा तपासणीनं काहीच कळत नाही. आणि हिला कुणी विचारलं?"

नूरा अंगावरच्या काळ्या अबायाची कड मुठीत धरून म्हणाली, "मला नको."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "बाहेर गाडीत हिचा भाऊ बसलाय. त्याला काय सांगू?"

नूरा मागच्या दारानं आत्याकडे गेली. लग्न मोडलं. तेव्हापासून भावाची गाडी रोज दवाखान्यासमोर उभी असते. काच वर, इंजिन चालू. आम्ही कुणीच एकटीनं बाहेर पडत नाही.

अशातच परवा आईचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीची, कविताची, सोयरीक जमली होती.

"पोराकडचे म्हणतेत, पोरगी एकदा डॉक्टरकडून तपासून आणा. तुह्या मामानं हो म्हटलं."

"आई, कविताले इचारलं काय?"

"पोरीले काय इचाराचं त्यात?"

"तिले फोन दे."

मागून मामांचा आवाज आला, "ठेव तो फोन." तेव्हापासून कविताचा फोन बंद आहे.

मी सुट्टी मागितली. कारण ऐकून डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमच्याकडेही?" त्यांनी विचारलं. मला खाली बघावं लागलं.

आजवर सुट्टीवर निघताना खजूर, अत्तर, भाच्यांची खेळणी भरून बॅग बंद होत नसे. यंदा नुसते कपडे घेतलेत, आणि कवितासाठी माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीकडे जायचं तिकीट काढून ठेवलंय. बीबीत पोचल्यावर आधी घरी जायचं की पोलीस ठाण्यात, हे मात्र अजून ठरत नाही.