दोन फवारे, मग ढोल

बँडवाल्यांकडे किस्स्यांची कमी नसते. लग्न वाजवून परत येताना टेम्पोत मागे ढोलांना टेकून बसायचं, अंगात लाल कोट, पोटात बुंदी. एकाने सुरू केलं की घर येईपर्यंत कोणी कोणाला थांबवत नाही. आमच्या पार्टीतले निम्मे किस्से माझ्या दादाचे. दादा आमचा मास्तर. ट्रंपेट वाजवायचा. आणि त्याला लहानपणापासून दमा. हसू नका, खरंच सांगतो!

गेल्या पावसाळ्यात मुरबाड रस्त्यावर दादाला ट्रकने उडवलं. ट्रकने! तरी दहाव्याला आलेला एक जण माझ्या तोंडावर म्हणाला, "दम्याच्या पंपाची सवय होती ना, त्यानंच गेला." मी त्याच्या अंगावर धावलो, चौघांनी धरलं. पण अजून कुठे गेलो की कोणीतरी तेच बोलतं. किती जणांच्या अंगावर धावू? म्हणून हे किस्से सांगतो. पंपाने दादा मेला की जगला, तुम्हीच ठरवा.

*

पंप यायच्या आधी कोणी म्हणायचं कबुतरं पाळ, दमा जातो, कोणी म्हणायचं ट्रंपेट सोड आणि झांजा घे. मग शहापूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि दोन पंप दिले. तपकिरी रोजचा, सकाळ-संध्याकाळ. निळा खिशातला. धाप लागली तर, आणि वाजवायच्या आधी. वर म्हणाले, "वाजवणं सोडायचं नाही."

आई घाबरली. "सवय लागल रे तुला त्याची!"

दादा म्हणाला, "आये, श्वास घ्यायची सवय मला जन्मल्यापासून हाय!"

*

वाजवायच्या आधी दादा निळा पंप हलवायचा, तोंडात धरायचा. फुस्स. श्वास आत धरून थांबायचा. थोड्या वेळाने परत फुस्स. पंप खिशात टाकून मान हलवली की पंढरीमामांचा ढोल पडायचा. पंढरीमामा आमच्यात सगळ्यात जुने, डोळे मिटून वाजवणारे. त्यांना मान कुठली दिसायला? ते फुस्स मोजायचे.

एकदा किन्हवलीच्या लग्नात दादा फवारे टेम्पोतच मारून उतरला. ट्रंपेट तोंडाला लावलं, सूर काढला, ढोल गप्प! नवरदेव घोड्यावर, घोडा वैतागलेला, मी साईड ड्रमवर काठ्या धरून उभा.

"मामा, वाजवा की!"

"फुस्स कुठं झाला?"

शेवटी दादाने तोंडानेच "फुस्स, फुस्स" केलं, तेव्हा कुठे वरात हलली.

*

वाशिंदला नवरीच्या काकाने दादाला मांडवामागे पंप मारताना पकडलं. काका स्वतः दुपारपासून डुलत होता. म्हणाला, "मास्तर, नशा करून वाजवता काय आमच्या लग्नात?"

दादाने पंप पुढे धरला. "काका, ह्यानं नशा चढली असती तर तुमी माझ्यासाठी शिल्लक ठेवला असता का?"

त्याच्यानंतर दादा मांडवामागे गेला नाही. सगळ्यांच्या समोर, छाती काढून मारायचा.

*

म्हशाच्या जत्रेत एकाचा नवस फेडायला वाजवत चाललो होतो. बैलबाजारातली धूळ दादाच्या छातीत गेली. एका बैलाच्या सावलीला बसला, पंप काढला. फवारे मारले तसे वर गेलेले खांदे हळूहळू खाली आले. माझा जीव भांड्यात पडला. बैलवाला टक लावून बघत होता.

"मास्तर, चांगला हाय हो पंप! माझा बैल पण असाच धापतो. एक मारा ना त्याला!"

बैलवाल्याच्या मागे गिऱ्हाईक उभं होतं, अर्धा सौदा झालेला. ते म्हणालं, "धापतो?" आणि सरळ पुढच्या बैलाकडे गेलं!

दादाला हसायला दम नव्हता, तरी हसला. हसून परत धाप लागली.

*

दम्यामुळे दादाचं एक ठरलेलं लग्न मोडलं होतं. दुसरी मुलगी बघायला निघालो तेव्हा मध्यस्थाने बजावलं, "दम्याचं बोलायचं नाय. पंप घरी ठेव."

दादा हो म्हणाला. तिथे पोहे आले, तसा त्याने खिशातून पंप काढला आणि बशीच्या बाजूला ठेवला. मध्यस्थाचा घास तोंडातच राहिला.

दादा म्हणाला, "हा पण माझ्याबरोबर राहणार. नंतर कळण्यापेक्षा आता बघून घ्या."

मुलीचा बाप पंपाकडे बघतोय. आमची आई माझ्याकडे बघतेय, जसा काय मीच ठेवला! तेवढ्यात मुलगीच पुढे झाली आणि पंप उचलून घेतला.

"कसा मारतात, दाखवा. उद्या तुमचा हात थरथरला तर मलाच मारायला लागल ना?"

तीच माझी वहिनी!

*

भातसानगरच्या कॉलनीत वरात होती. फटाक्यांच्या धुरात काही दिसत नव्हतं. मध्येच दादाने ट्रंपेट खाली घेतलं आणि मला म्हणाला, "नवऱ्याचे खांदे बघ. त्याला आपली बिमारी हाय."

बरोबर होतं! पोराने दमा सगळ्यांपासून लपवलेला, पंप घरी. दादाने त्याला घोड्यावरून उतरवून धुरातून बाजूला नेलं. आम्ही भोवती गोल केला आणि जोरात वाजवत राहिलो. आत दादा त्याला एकेक फवारा देत होता. पोरगा सावरला तसा दादा त्याच्या कानात म्हणाला, "उद्या डॉक्टर गाठ. आणि बायकोला आजच सांग."

पुढच्या वर्षी त्याच घरातलं दुसरं लग्न. नवरदेव घोड्यावर बसला, आम्ही सुरू करणार, तर गेल्या वर्षी आमच्या गोलात डोकावलेली त्याची आत्या धावत आली.

"मास्तर, थांबा! नवऱ्याच्या तोंडात ते फुंकायचं राहिलं! आमच्यात रीत हाय!"

*

यंदाच्या लग्नसराईतली पहिली सुपारी मुरबाडची. वहिनीने ट्रंपेटची पेटी स्वतः आणून टेम्पोत ठेवली. ट्रंपेट बाळ्या वाजवणार होता. त्याला दादानेच तयार केलेलं.

मांडवासमोर उभे राहिलो. बाळ्याने पेटी उघडली. ट्रंपेटच्या बाजूला, नेहमीच्या जागेवर, दादा पेटीत ठेवायचा तो जादाचा निळा पंप. वहिनीने काढला नव्हता.

बाळ्याने ट्रंपेट तोंडाला लावलं आणि मान हलवली. ढोल पडेना. परत हलवली. पंढरीमामा डोळे मिटून उभे, काठी हवेत. नवरदेवाकडची माणसं ओरडायला लागली, "अरे वाजवा! टाइम चाललाय!" मामा हलेनात.

मी काठ्या बगलेत धरल्या. पंप उचलला, हलवला, वर हवेत धरून दाबला.

फुस्स.

नवरदेवाचा मामा म्हणाला, "हे काय मारलास रे? सेंट हाय का?"

मी ढोलाकडे बघत होतो. काठी अजून हवेतच.

"एकच झाला," पंढरीमामा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "मास्तर दोन मारायचा."

मी दुसरा मारला.