फुगडीचं अनुदान

आमच्या फुगडीला अनुदान मिळावं म्हणून अर्ज मीच भरला. वाडीतल्या बचतगटाची सचिव मी, त्यातून काही वर्षं ग्रामपंचायतीत संगणकावर काम केलेलं, त्यामुळे फॉर्म म्हटला की सगळ्या माझ्याकडे बघतात. लोककलेतून गावाचा विकास करणाऱ्यांना मुंबईची एक संस्था पैसे देत होती. आमच्याकडे लोककला होती, विकास नव्हता. तासाभरात भरून टाकला.

फुगडी आमच्याकडे चतुर्थीतली. गणपती आले की दुपारची जेवणं आटोपून बायका एकेका घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जमतात. गणपती गेले की फुगडी बंद, मग वर्षभर कोणी नाव काढत नाही. आमच्या वाडीत गाणं धरायची शेजारची काकी. सत्तरीच्या पुढची, आवाज खणखणीत. फेर चालू असताना ती एकेकीला मध्ये बोलवायची, पण नावानं नाही, माहेरच्या गावानं. "वैभववाडीच्या चेडवा, भुतूर ये गो!" चेडू म्हणजे मुलगी. नातवंडं झालेली बाई असली तरी फेरात ती चेडू.

मी नांदगावची. लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीत मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. कोणाची ओळख नाही. काकी ओरडली, "नांदगावच्या चेडवा, खांब पडाचो नाय, सोड त्येका!" सगळ्या हसल्या. मी आत गेले.

आता नांदगावात माझं कोणी नाही. आई-वडील गेले, भावानं घर विकलं. मी रडत बसणारी बाई नाही. पण वर्षातून एकदा मला त्या गावाच्या नावानं कोणी हाक मारायचं, आणि ती हाक मला पुन्हा ऐकायची आहे.

अर्ज गेल्यावर संस्थेतल्या एका मुलीचा फोन आला. बोलायला चांगली होती.

"ताई, प्रेक्षक किती असतील?"

"प्रेक्षक नसतात. सगळ्या खेळतात."

"मग बघतं कोण?"

"गणपती."

ती हसली. म्हणाली, पण तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. मी दीडशे सांगितले. प्रेक्षक आले म्हणजे त्यांना बसायला जागा हवी, म्हणून शाळेचं पटांगण ठरलं. पटांगण म्हणजे स्टेज. स्टेज म्हणजे वीस मिनिटं, आणि वीस मिनिटांसाठी बारा जणींची यादी, आधार कार्डासकट. त्या यादीत मी काकीला घातलं नाही. तिचे गुडघे दुखायचे, स्टेजला शिडी होती, आणि एकदा गाणं धरलं की घड्याळ तिला कोण दाखवणार? तिचं नाव 'ज्येष्ठ मार्गदर्शक' म्हणून लिहिलं आणि सत्कार ठेवला. मला वाटलं, तिचा मान होईल.

चतुर्थीच्या चौथ्या दिवशी कार्यक्रम झाला. आम्ही बाराजणी एकसारख्या साड्यांत. काकी पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. निवेदकानं यादी वाचली, आम्ही नाव येईल तशा मध्ये गेलो. माझं नाव आडनावासकट आलं. टाळ्या पडल्या. मी खाली बघितलं. काकीचे ओठ हलत नव्हते.

नंतर तिच्याकडे गेले. "कशी झाली, काकी?"

"बरी झाली. साडी बरी आसा." मग नारळ माझ्या हातात देत म्हणाली, "पण तुमी माका पावणी केलास गो. इतकी वर्सा ह्या वाडीत कधी पावणी नव्हतंय."

"मान केला, काकी."

"मान केलास. खेळाक नाय घेतलास."

त्या अनुदानातून समाजमंदिराला नवीन पत्रे आले. बायकांसाठी शौचालय झालं, ते आजही स्वच्छ आहे, कारण चावी माझ्याकडे असते. पोरी तारकर्लीच्या हॉटेलांत पर्यटकांसमोर फुगडी घालून चार पैसे मिळवतात. अर्ज केला याचा मला पश्चात्ताप नाही. चूक यादीत झाली, आणि यादी माझी होती.

त्या कार्यक्रमानंतर काही महिन्यांतच काकीचा मुलगा तिला डोंबिवलीला घेऊन गेला. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि ती तिथेच राहिली. यंदा आषाढात मी फोन केला.

"काकी, चतुर्थीक येवा. मी गाडी घेवन कणकवली स्टेशनार येतंय."

"डॉक्टर सोडीत तेवा."

"मग एक हाक तरी मारा फोनवर."

"कोणाक?"

"माका."

"खुळी झालंस? गणपती येवक नाय आणि फुगडेची हाक मारू? लावणी झाली काय ता सांग."

मी भाताच्या लावणीचं सांगितलं.

यंदा स्टेज नको, खळ्यातच खेळू, असं मी संस्थेला कळवलं. त्यांनी हरकत घेतली नाही, पैसेही दिले नाहीत. आम्ही काकीच्या दिराच्या खळ्यात जमलो. फेर सुरू झाला. गाणं सगळ्यांना येत होतं, पण मध्ये कोणी जाईना, कारण बोलवणारं कोणी नव्हतं. कडेला एक नवीन सून उभी होती. मी विचारलं, "खंयची गो तू?" म्हणाली, रेडीची. मी हाक मारली. ती आत गेली. मग बाकीच्या माझ्याकडे बघायला लागल्या, म्हणून एकेकीला बोलवत गेले. सगळ्यांची माहेरं मला पाठ होती. शेवटी मीच उरले. जी बोलवते तिला कोणी बोलवत नाही, हे तिथे उभी असताना कळलं. आणि इतक्या वर्षांत काकीला कोणी आत बोलावलेलं मी पाहिलं नव्हतं. तिचं माहेर कुठलं, हेच मला माहीत नव्हतं. बायकांना विचारलं. एक म्हणाली गोव्याकडची, दुसरी म्हणाली नाही, घाटावरची.

फेर थांबवून तिथूनच फोन लावला.

"काकी, तुमचा म्हायार खंयचा?"

"कित्याक गो? फॉर्मात व्हया?"

"नाय. तुमका भुतूर बोलवूचा आसा."

तिनं पेडण्याचं नाव सांगितलं, आणि म्हणाली, "मोठ्यान बोलव हां. हंय टीव्ही चालू आसा."