वसुधाताईंची सकाळची लिंक

वसुधाताई निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी आम्हा जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर इंटरनेटवर सापडलेलं काहीतरी पाठवायच्या. कुठल्याशा बेटावरची विणकरांची गाणी, कुठे सत्ता बदलली म्हणून बदललेली शाळेची पुस्तकं. खाली त्यांची ओळ असायची, "जरूर वाचा." मी अंगठ्याचं चिन्ह पाठवायचे. वाचायचं राहूनच जायचं.

परवा त्या भाजी घेताना भेटल्या. मेथीची जुडी हातात तशीच धरून म्हणाल्या, "अगं, त्या बंद पाडलेल्या वर्तमानपत्राच्या संपादकाचं वाचलंस? रोज चौकात उभा राहून मोठ्यानं बातम्या वाचतो तो."

"वाचलं ना," मी म्हटलं. "किती माणसं जमतात ऐकायला!"

ताईंनी जुडी खाली ठेवली. "कोणीच जमत नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "तेच तर लिहिलंय त्यात."

मग त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली आणि त्या निघाल्या.

घरी येऊन मी तो लेख शोधून अगदी शेवटपर्यंत वाचला. एवढ्या अफाट जगातून ही बाई रोज आमच्यासाठी काहीतरी वेचून आणत होती. वाचलं असं आता कळवावंसं वाटलं, पण त्यांना ते खरं वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी ग्रुपवर गुलाबाचं चित्र पाठवलं, त्यावर नुसतं 'सुप्रभात'. दहा मिनिटांत सगळ्यांची उत्तरादाखल फुलं आली.