नाडी माझी, निष्कर्ष सरांचा

“हात धरायला काय घाबरतेस? नाडी यांनाही असते.”

सर असं म्हणाले आणि अख्खी प्रयोगशाळा हसली. कल्याणीने माझं मनगट धरलं. मीही हसले. सगळे हसत असताना आपण एकटीच गप्प राहिलो तर आपलं लागलेलं सगळ्यांना दिसतं, म्हणून हसले.

नाशिकमधलं नावाजलेलं कॉलेज. बी.ए.चं तिसरं वर्ष, विषय मानसशास्त्र. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मानसशास्त्राच्या प्रयोगाला दोन माणसं लागतात. एक प्रयोगकर्ता, म्हणजे हातात स्टॉपवॉच घेऊन प्रयोग घेणारा. दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. नियम असा की जोडीने आलटूनपालटून बसायचं. आज तू माझी नाडी मोज, पुढच्या वेळी मी तुझी. सगळ्या जोड्या तशाच बसायच्या. माझी आणि कल्याणीची सोडून. आमच्यात प्रयुक्त कायम मी.

त्या दिवशीचा प्रयोग ताणाचा होता. सरांनी एक मोठी संख्या सांगितली आणि त्यातून सात-सात वजा करत जायचं, मोठ्याने, भराभर. मी उत्तर द्यायच्या आत बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, “चूक, चूक” म्हणून ओरडायचं. वजाबाकी मला येत होती. आमच्या आदिवासी आश्रमशाळेत गणितात माझा पहिला नंबर असायचा. पण मागून कुणीतरी माझ्या बोलण्याची नक्कल केली, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. दुसऱ्याच वजाबाकीला अडकले. घाम फुटला. कल्याणीने नाडी मोजली. वाढली होती.

“नोंद करा,” सर म्हणाले. “शहरी वातावरण, बुजलेपण, न्यूनगंड. पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो हा. एका दिवसात जात नाही.”

हे ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते मायेने बोलले. माझ्या डोक्यावर हात ठेवून बोलले.

प्रयोग संपला की प्रयुक्ताला विचारायचं असतं, तुला काय वाटलं? त्याला अंतर्निरीक्षण म्हणतात. प्रयुक्त जे सांगेल ते प्रयोगकर्त्याने जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. संपूर्ण प्रयोगात प्रयुक्ताचं म्हणून एवढंच काय ते असतं.

“काय वाटलं तुला?” कल्याणीने विचारलं.

“राग आला.”

सर शेजारीच उभे होते. म्हणाले, “राग नाही तो. भीती आहे. भीतीवर रागाचा मुलामा. कल्याणी, भीती लिही.”

कल्याणीने भीती लिहिलं. अक्षर फार सुंदर होतं तिचं.

दर गुरुवारी हे चालायचं. कधी स्मरणशक्तीचा प्रयोग, कधी लक्ष विचलित करण्याचा, पण खुर्चीत मीच. बाहेरचं कुणी बघायला आलं की हमखास मी. “ही आमची पेठ तालुक्यातली,” सर ओळख करून द्यायचे. नाव सांगायचे नाहीत. माझ्या जर्नलमध्ये प्रयोग भरलेले होते, पण ते कल्याणीचे बघून उतरवलेले. स्टॉपवॉच मी एकदाही हातात धरलं नव्हतं. आणि वार्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर प्रयोग मलाच घ्यायचा होता.

एकदा धीर करून म्हटलं, “सर, एकदा मला पण प्रयोग घेऊ द्या ना.”

“घेशील गं. आधी नीट बसायला तर शीक.”

पुन्हा नाही विचारलं. विचारणार कसं? प्रॅक्टिकलचे अर्धे मार्क सरांच्या हातात. तिथे नापास म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलं की सरकारी वसतिगृहातली जागा गेली. जागा गेली की नाशिक गेलं. घरी भात आणि नागलीचं शेत, तेही डोंगराच्या उतारावर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भात कापून झालं की आई आणि बा दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यावर मजुरीला उतरायचे ते थेट पावसाच्या तोंडाशी परत. दिवाळीच्या सुट्टीत मीही जायची. बाने कॉलेजला सोडतानाच सांगितलं होतं, “पास होशील तवर शीक. नापास झाली का लगीन.” हरसूलकडचं स्थळ तर केव्हाचं येऊन थांबलं होतं. म्हणजे पुढे सर आणि मागे ते स्थळ. मध्ये ती खुर्ची.

बुधवार उजाडला की पोट दुखायला लागायचं. रात्री झोप लागायची नाही. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. नखं कुरतडून कुरतडून बोटांची टोकं लाल झाली होती. आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय असं वाटायचं. आणि मग अभ्यासक्रमात ताणाचं प्रकरण आलं. मी वाचत गेले आणि थक्क झाले. पोटदुखी, झोप न येणे, केस गळणे, नखे कुरतडणे. माझंच वर्णन! पुस्तक लिहिणाऱ्याने मला कुठे पाहिलं?

पुढे उपायही होते. समतोल आहार घ्यावा. म्हणजे मेसमधली पाण्यासारखी आमटी. छंद जोपासावेत. जवळच्या व्यक्तीशी बोलावे. सकारात्मक विचार करावा. ज्याच्यामुळे ताण येतो त्याचं काय करावं, हे कुठेच नव्हतं. मी प्रकरण दोनदा वाचलं. नव्हतंच.

जवळच्या व्यक्तीशी बोलून पाहिलं. कल्याणी म्हणाली, “अगं, सर तुझ्या भल्यासाठीच करतात. तुझी भीड चेपावी म्हणून.” वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, “टेन्शन घेऊ नकोस बाई.” जणू मीच मेन रोडच्या बाजारात जाऊन ते विकत आणलं होतं.

पुस्तकातला एकच उपाय फुकटचा होता. दीर्घ श्वसन. मी ते मनापासून करायला लागले. पहाटे गच्चीवर जाऊन, खाली दूधवाल्याच्या सायकलीची घंटा वाजत असताना, श्वास घे, रोख, सोड. आणि सातच्या वजाबाक्या मनात. एकदा का मला हे जमलं, की सर मला खुर्चीतून उठवतील असं खरंच वाटत होतं. किती खुळी होते मी.

ताणाचा प्रयोग पुन्हा लागला. पुन्हा टाळ्या, पुन्हा “चूक, चूक”. मी समोरच्या भिंतीकडे बघत वजाबाकी करत राहिले. अडखळले नाही. शेवटपर्यंत गेले. कल्याणीने नाडी मोजली, खात्री करायला परत मोजली. वाढली नव्हती. मी सरांकडे पाहिलं. शाबासकी मिळेल म्हणून पाहिलं, खोटं कशाला बोलू.

“फार इंटरेस्टिंग,” सर म्हणाले. “एवढा ताण देऊनही प्रतिसाद नाही. संवेदना बोथट. निसर्गात राहणाऱ्या लोकांचं असंच असतं. आपल्यासारखं टेन्शन त्यांना येतच नाही. सुखी माणसं!”

सगळ्यांनी लिहून घेतलं.

मी तशीच बसून राहिले. नाडी वाढली तर न्यूनगंड. नाही वाढली तर बोथटपणा. रडले असते तर दुबळी, हसले असते तर अडाणी. म्हणजे माझी नाडी मोजायची गरजच नव्हती. निष्कर्ष मी खोलीत शिरायच्या आधीच तयार होता. मी इतके महिने स्वतःला दुरुस्त करत बसले होते. दुरुस्त करण्यासारखं माझ्यात काही नव्हतंच. हे कळलं आणि मला सुटल्यासारखं अजिबात वाटलं नाही. उलट दार बाहेरून लावलंय हे आता कळलं.

तास संपल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं.

“पुढच्या गुरुवारी शहरातली काही मंडळी येणार आहेत. परीक्षेच्या ताणावर माझं व्याख्यान आहे, त्याआधी प्रात्यक्षिक दाखवायचंय. तू आता सरावलीस, तुझा उपयोग नाही. तुमच्या हॉस्टेलमधली एखादी नवीन मुलगी आण. बुजरी हवी. मग तू मोकळी. परीक्षेपर्यंत रोज प्रयोग घे, मी स्वतः शिकवतो तुला.”

स्वतः शिकवतो. मला जे हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. परीक्षा, पास होणं, वसतिगृह. मी मान हलवून बाहेर पडले. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाही माहीत नव्हतं.

वसतिगृहाच्या खोलीत मैत्रिणीला हे सांगत होते ते पहिल्या वर्षाच्या सुमनने ऐकलं. सुमन सुरगाण्याची. शहरात येऊन सहा महिने झाले तरी रस्ता ओलांडताना माझा दंड धरायची. आली आणि दारातच उभी राहिली.

“ताई, तुमच्या सरांना पोरगी पायजे म्हणं. मी येऊ?”

“नको.”

“का? माझे मार्क कमी हायेत म्हणून?”

तिला वाटलं होतं, निवड होतेय. कॉलेजचे मोठे सर, मोठे पाहुणे, आणि तिला बोलावलंय. तिने विचारलंही, कोणता ड्रेस घालू? मी तिला परत “नको” म्हणाले, जरा जोरातच. ती रडवेली होऊन गेली. मी दार धाडकन लावलं. रागाने. हो, रागानेच.

गुरुवारी प्रयोगशाळा झाडूनपुसून ठेवली होती. टेबलावर नवं कापड. पाहुण्यांच्या हातात चहाचे कप.

“कुठे आहे मुलगी?” सरांनी हळूच विचारलं.

“आणली नाही, सर.”

“बरं. मग तूच बस.”

“मी बसणार नाही.”

मी मोठ्याने बोलले नव्हते. पण कपांचा आवाज थांबला. सर हसले आणि पाहुण्यांकडे वळले.

“पाहिलंत? आपल्याला हे आयतंच मिळालं. ताणाखाली अशी आक्रमकता येते. कल्याणी, लिहून घे.”

कल्याणी लिहायला लागली. माझं नाही म्हणणंही त्यांनी प्रयोगात घेतलं होतं. मला वाटलं, आता मी काहीही केलं तरी हा माणूस ते टिपून घेणार. पळाले तर पळपुटी, ओरडले तर रानटी. त्यांना पटवून देण्यासारखं जगात काही नव्हतं. मग ठरवलं, पटवायचं नाही. बोलायचं.

“कल्याणी, मला काय वाटलं ते विचार. नियम आहे.”

तिने सरांकडे पाहिलं.

“मला राग आलाय,” मी म्हणाले. “भीतीही वाटतेय. ती पिढ्यान्‌पिढ्यांची नाही. माझे मार्क यांच्या हातात आहेत, त्याची आहे. हे लिही. जसंच्या तसं लिही.”

कल्याणीचं पेन थांबलं. पाहुण्यांतल्या एक बाई समजुतीने म्हणाल्या, “अगं बाळा, बस ना. दोन मिनिटांचं तर काम.”

मी बाहेर पडले. जिन्यात भिंतीला धरून उभी राहिले. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. आता आपलं काय होणार, एवढंच डोक्यात होतं.

व्हायचं तेच झालं. परीक्षेत परीक्षकासमोर स्टॉपवॉच हातात घेतलं, ते सुरू कुठून करायचं तेही कळेना. सर शेजारी हाताची घडी घालून उभे होते. प्रॅक्टिकलला नापास झाले. बाकी सगळे विषय पास.

गुणपत्रिका घ्यायला बा सोबत आला होता. मळ्यावरून सुट्टी घेऊन, धुतलेला सदरा घालून. ऑफिसच्या खिडकीपाशीच कल्याणी भेटली. तिला फर्स्ट क्लास मिळाला होता. तिने मला बाजूला घेतलं.

“सरांना वाईट वाटलंय गं. म्हणाले, तिला सांग, घरी येऊन एकदा सॉरी म्हण. ऑक्टोबरच्या परीक्षेला ते बघून घेतील. मोठ्या मनाचे आहेत ते.”

“काय म्हनते ती?” बाने विचारलं.

मी सांगितलं.

बाने गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली. त्याला ती वाचता येत नव्हती. मग म्हणाला, “मागून टाक माफी. दोन शब्द बोलायचे. मी बी मळेवाल्याला बोलतोच ना. आपलं काय जातंय?”

सरांच्या सगळ्या बोलण्याने झालं नव्हतं ते या वाक्याने झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बा आयुष्यभर हे दोन शब्द बोलत आला होता आणि आपलं काय जातंय असं त्याला खरोखर वाटत होतं.

“नाय मागणार, बा.”

“मंग लगीन.”

“लगीन बी नाय. मळ्यावर येते तुमच्यासंगं. मजुरी करीन. ऑक्टोबरला परीक्षेपुरती येईन.”

“ऑक्टोबरात छाटणी असते. कोन सोडंल?”

“नाय सोडलं तरी येईन.”

बा फाटकाकडे चालायला लागला. रागावला होता. त्याचा राग मला समजत होता आणि तरी माझं म्हणणं बदलणार नव्हतं. कल्याणी अजून तिथेच होती.

“सरांना सांग,” मी तिला म्हणाले, “ऑक्टोबरला मी प्रयोग घ्यायला येतेय. नापास करा म्हणावं. एप्रिलला परत येईन. तेव्हाही केलं तर परत. त्यांच्या घरी मी येणार नाही. सॉरी म्हणणार नाही. आणि आमच्या हॉस्टेलमधून त्यांना खुर्चीत बसायला एकही मुलगी मिळणार नाही. सुमनला मी सगळं सांगितलंय, बाकीच्यांना आज सांगून जाते.”

कल्याणी म्हणाली, “एवढा कशाला हट्ट गं? तुझंच नुकसान.”

“होऊ दे,” म्हटलं, आणि वसतिगृहाकडे वळले.